ठेवीवरचे कार्ड सोडण्याआधी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी शिवणकामाचे छोटे दुकान चालवणाऱ्या २९ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वर्षभर ब्लाउज आणि फॉल-पिको, आणि एप्रिल ते जून शाळांच्या गणवेशांची मोठी कामे, असा त्यांचा व्यवसाय आहे. सोळा महिन्यांपूर्वी भिशी लागली तेव्हा त्या पैशांत थोडी भर घालून त्यांनी बँकेत ६०,००० रुपयांची मुदत ठेव केली आणि तिच्या तारणावर ४८,००० रुपये मर्यादेचे क्रेडिट कार्ड घेतले. कापड, अस्तर, दोरे, घरचा किराणा असा महिन्याला सुमारे ३५,००० रुपयांचा खर्च त्या या कार्डावर करतात आणि प्रत्येक बिल मुदतीत, पूर्ण भरतात. सिबिल स्कोअर ७४८ आहे. तरीही गेल्या चार महिन्यांत साध्या, म्हणजे विनातारण कार्डासाठी दोन बँकांकडे केलेले अर्ज नाकारले गेले.

आता दोन महिन्यांनी ठेवीची मुदत संपते आहे. वडिलांचे म्हणणे असे की कार्ड बंद करून ते पैसे गावच्या पतसंस्थेत ठेवावेत, तिथे व्याज दीड टक्का जास्त मिळते. मैत्रीण म्हणते, आणखी चार बँकांकडे एकदम अर्ज कर, एखादा तरी मंजूर होईल. शाखेतील कर्मचाऱ्याने तोंडी सांगितले की हे कार्ड बदलून मिळत नाही, बंद करा आणि नवा अर्ज द्या. दोन वर्षांत त्यांना औद्योगिक शिलाई यंत्र आणि ओव्हरलॉक घेण्यासाठी कर्ज काढायचे आहे. एका नातेवाइकाने "स्वतःच्याच पैशांवर घेतलेल्या कार्डाला काय किंमत?" असे चारचौघांत विचारले, तेही त्यांना लागले आहे. ठेव काढून कार्ड बंद करावे, की आणखी अर्ज करत राहावे, हा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या नातेवाइकांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातील बाकीची घाई मला त्या एका वाक्यातून आलेली दिसते. ठेवीच्या तारणावर दिलेल्या कार्डावर तुम्ही जे खर्च करता ते तुमच्या ठेवीतून जात नाही. बँक आधी स्वतःचे पैसे दुकानदाराला देते, तुम्ही ते नंतर बँकेला परत करता, आणि तुमची ठेव त्या सगळ्या काळात जागच्या जागी व्याज मिळवत राहते. साडेसहा टक्के दर धरला तर ६०,००० रुपयांवर वर्षाला ३,९०० रुपये तुमच्या नावावर जमा होतात. बँकेने त्या ठेवीवर फक्त आपला हक्क नोंदवून ठेवलेला असतो, ज्याला शाखेत 'लीन मार्क' म्हणतात. म्हणजे तुम्ही घेतलेले उधार खरेच उधार आहे आणि तुम्ही सोळा वेळा केलेली परतफेडही खरी आहे.

पतमाहिती कंपन्यांकडेही, म्हणजे प्रत्येकाच्या उधारीची आणि परतफेडीची नोंद ठेवून त्यावरून अहवाल आणि स्कोअर देणाऱ्या कंपन्यांकडेही, ती तशीच नोंदली जाते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बँका या चौघींना माहिती पाठवतात, आणि २०२५ मध्ये ती महिन्याऐवजी किमान पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले. तुमच्या अहवालात खात्याच्या प्रकारापुढे 'सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड' असे लिहिलेले असू शकते. कर्ज देणारा अधिकारी ते वाचतो आणि त्याचा अर्थ त्याला कळतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या खाली महिन्यागणिक चौकोनांची जी ओळ असते, तिथे हप्ता किती दिवस थकला याचा आकडा असतो, आणि तुमच्या वर्णनाप्रमाणे तिथे सगळीकडे '०००' असायला हवे. ते शून्य तारण असलेल्या आणि नसलेल्या कार्डाला एकाच अर्थाने लागते. तुम्ही भिशीचे हप्ते आयुष्यभर वेळेवर भरलेत, पण ते कोणत्याही अहवालात दिसत नाहीत. त्या भिशीच्या पैशांतून तुम्ही तुमच्या शिस्तीची लेखी नोंद तयार करवून घेतली, हा तुमचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

मग दोन बँकांनी नकार का दिला? पत्रात तुम्ही लिहिले आहे की "७५० ला दोन गुण कमी पडले". हे तुम्ही मनातून काढून टाका. रिझर्व्ह बँकेने कोणताही किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही. प्रत्येक बँकेची आतली मोजपट्टी वेगळी असते आणि स्कोअर हा तिचा एक भाग असतो. उत्पन्नाचा पुरावा, व्यवसायाचे स्वरूप, दुकानाचा पत्ता, त्या बँकेशी असलेला तुमचा जुना संबंध, हे सगळे त्यात येते. शिवाय काळही थोडा तुमच्या विरुद्ध आहे. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांच्या येणे रकमेवरील जोखीम भार व्यापारी बँकांसाठी १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. साध्या भाषेत सांगायचे तर, किमान ९ टक्के भांडवलाचा निकष धरला, तर कार्डावरच्या शंभर रुपयांच्या येण्यामागे पूर्वी सव्वाअकरा रुपये भांडवल राखावे लागे, ते साडेतेरा झाले. विनातारण कार्ड देणे बँकेला महाग झाले की ती आधी पगारपत्रक असलेल्या ग्राहकाकडे वळते आणि दुकानदार, शिंपी, रिक्षाचालक यांच्या अर्जाकडे अधिक बारकाईने पाहते. यात तुमच्या आर्थिक पत-प्रतिष्ठेचा अपमान नाही. तुमच्या उत्पन्नाचा कागद त्यांच्यासमोर नव्हता, एवढेच मला तुमच्या पत्रावरून दिसते. तुम्ही प्राप्तिकर विवरणपत्र भरता की नाही याचा पत्रात उल्लेख नाही, आणि बहुधा भरत नसाव्यात.

दुसरे कारण तुमच्या स्वतःच्या हातातले आहे, आणि ते तुमच्या लक्षात आलेले नाही असे वाटते. तुम्ही ४८,००० च्या मर्यादेपैकी दर महिन्याला सुमारे ३५,००० वापरता, म्हणजे जवळजवळ ७३ टक्के. गणवेशांच्या हंगामात, इचलकरंजीहून ठोक कापड आणता तेव्हा, हा आकडा ४५,००० पर्यंत जातो असे तुम्ही लिहिले आहे. ते झाले ९४ टक्के. तुम्ही म्हणाल, पण मी तर सगळे पैसे भरते! भरता, पण बिल तयार झाल्यानंतर भरता. बँका साधारणपणे बिलाच्या तारखेची किंवा त्या पंधरवड्याअखेरची बाकी कळवतात. त्यामुळे अहवाल पाहणाऱ्याला दर वेळी अशी एक बाई दिसते, जिचे कार्ड कायम गळ्यापर्यंत भरलेले आहे. ती पुढच्या पंधरा दिवसांत सगळे फेडते, हे त्याला त्या एका आकड्यातून कळत नाही.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. बिल तयार होण्याच्या चार-पाच दिवस आधी, जसे गिऱ्हाइकांचे पैसे येतील तसे, २५,००० रुपये कार्डाच्या खात्यात भरून टाका. मग बिलात १०,००० उरतील, म्हणजे मर्यादेच्या सुमारे २१ टक्के, आणि ते नेहमीप्रमाणे देय तारखेच्या आत भरा. तीस टक्क्यांच्या आत वापर असावा असे जे सांगितले जाते तो नियम नाही, पण ठोकताळा म्हणून तो उपयोगी आहे. मर्यादा वाढवून मागण्याआधी, नवे कार्ड मागण्याआधी, हे करून पाहा. पगारदार वाचकांनाही हे लागू आहे: कमी मर्यादेचे कार्ड भरभरून वापरणाऱ्या आणि प्रामाणिकपणे फेडणाऱ्या माणसाचा अहवाल त्याच्या वागण्यापेक्षा वाईट दिसतो, आणि त्याला त्याचे कारण वर्षानुवर्षे कळत नाही.

आता तुमच्यासमोरचे तीन मार्ग पाहू.

मैत्रिणीचा सल्ला मी सर्वांत आधी बाजूला ठेवते. तुम्ही अर्ज करता तेव्हा बँक तुमचा अहवाल मागवते आणि ती चौकशी अहवालात तारखेसह नोंदली जाते. चार महिन्यांत दोन नोंदी झाल्याच आहेत. आता एकाच आठवड्यात आणखी चार झाल्या, तर पाचव्या बँकेतील अधिकाऱ्याला त्यातून एवढेच दिसेल की ही व्यक्ती पैशांसाठी दारोदार फिरते आहे. तुम्ही स्वतः आपला अहवाल पाहिल्याने मात्र स्कोअरवर काहीही परिणाम होत नाही, आणि वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे या चारही कंपन्यांवर बंधनकारक आहे. तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. 'सिबिल वाढवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी पैसे लागत नाहीत. तुम्ही तक्रार नोंदवल्यावर तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

वडिलांच्या सल्ल्याकडे मात्र मी आदराने पाहते, कारण त्यामागे काळजी आहे. तरीही हिशेब करू. दीड टक्का जास्त व्याज म्हणजे ६०,००० रुपयांवर वर्षाला ९०० रुपये. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. सहकारी बँकेतील ठेवीलाही ते असते, पण सहकार कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. तुमच्या गावची पतसंस्था चांगली चाललेली असेल, त्याविषयी मी काही म्हणत नाही. पण जे पैसे तुम्ही अडीअडचणीसाठी म्हणून राखता, ते ९०० रुपयांसाठी विम्याच्या छत्राबाहेर नेऊ नयेत असे माझे मत आहे. शिवाय कार्ड बंद केले तर आजवरचा चांगला इतिहास अहवालातून लगेच नाहीसा होत नाही हे खरे असले, तरी तुमच्या नावावर कर्जाचे किंवा कार्डाचे सुरू असलेले खाते एकही उरणार नाही आणि पुढचे महिने कोरे जातील. दोन वर्षांनी यंत्रासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा अधिकाऱ्यासमोर दोन वर्षांपूर्वी थांबलेली गोष्ट असेल.

शाखेतील कर्मचाऱ्याने सांगितलेला क्रम, म्हणजे आधी बंद आणि मग अर्ज, हाही तुमच्या हिताचा नाही. क्रम नेमका उलटा हवा. आपल्याकडे बहुतेक बँका ठेवीवरचे कार्ड आपोआप विनातारण करून देत नाहीत, हे त्याचे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते. पण काही बँका वर्षभराचा चांगला व्यवहार पाहून स्वतःहून प्रस्ताव देतात, आणि तोंडी उत्तरावर असा निर्णय घेऊ नये. बँकेच्या ग्राहक सेवा विभागाला ईमेल करा किंवा शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि त्यात तीन गोष्टी विचारा. माझ्या व्यवहाराच्या आधारे विनातारण कार्ड मिळण्याची सोय आहे का. असल्यास जुनेच खाते पुढे चालू राहील की नवे खाते उघडेल. आणि ठेवीवरचा हक्क किती दिवसांत उठवला जाईल. मधल्या प्रश्नाचे महत्त्व असे की जुनेच खाते पुढे चालले तर तुमच्या परतफेडीच्या इतिहासाचे वय सोळा महिन्यांवरून पुढे वाढत जाते, आणि नवे उघडले तर त्या खात्याचे वय शून्यापासून मोजले जाते.

म्हणून माझा सल्ला असा आहे की ठेवीची मुदत संपल्यावर ती आणखी एका वर्षासाठी पुढे चालू ठेवा, कार्ड वापरत राहा, आणि पुढचे सहा महिने एकही अर्ज करू नका. या सहा महिन्यांत बिलाआधी रक्कम भरण्याची सवय लावा आणि उत्पन्नाचा कागद तयार करा. छोट्या व्यावसायिकांसाठी प्राप्तिकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत सविस्तर हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत: बँकेतून किंवा यूपीआयवरून आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के आणि रोख उलाढालीच्या किमान ८ टक्के उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येते. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवा. कर लागणार नसला तरीही विवरणपत्र भरा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, केली नसेल तर ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. आणि दुकानातील क्यूआर कोडवर येणारे पैसे एकाच बचत किंवा चालू खात्यात येऊ द्या. सहा महिन्यांनी पहिला आणि एकच अर्ज त्या खात्याच्या बँकेकडे करा, कारण तुमच्या गणवेशांच्या हंगामात पैसा कसा येतो आणि श्रावणात कसा रोडावतो, हे त्या बँकेला कागद न मागता दिसते.

नवे कार्ड हाती आले की जुने लगेच बंद करू नका. समजा नव्या कार्डाची मर्यादा एक लाख मिळाली, तर दोन्हींची मिळून १,४८,००० होते आणि तुमचा तोच ३५,००० चा खर्च एकूण मर्यादेच्या २४ टक्क्यांच्या आत येतो. सहा महिने दोन्ही चालवा, जुन्यावर एखादेच लहान बिल ठेवा. वर्षभर न वापरलेले कार्ड बँक तुम्हाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया सुरू करू शकते, म्हणून ते अगदीच पडून राहू देऊ नका. त्यानंतर ठेवीचे पैसे मोकळे करावेसे वाटले, तर कार्डावरून आपोआप कापले जाणारे वीजबिल आणि मोबाइलचे पैसे आधी दुसरीकडे वळवा, खरेदीवर जमलेले बक्षीस-गुण (रिवॉर्ड पॉइंट) वापरून टाका, बाकी शून्य करा आणि बंद करण्याची मागणी लेखी द्या. काही येणे बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ५०० रुपये ग्राहकाला देणे लागते. ठेवीवरचा हक्क उठवण्याची मागणी त्याच अर्जात वेगळ्या ओळीत लिहा. कार्ड बंद झाले पण ठेव अडकलेलीच राहिली, अशी पत्रे माझ्याकडे येत असतात.

एका बाबतीत मात्र मी हा सगळा सल्ला मागे घेईन. घरात आजारपण असेल, छप्पर पावसाळ्याआधी दुरुस्त करायलाच हवे असेल आणि दुसरे पैसे नसतील, तर ठेव काढा आणि कार्ड बंद करा, मनात कसलाही अपराधभाव न ठेवता. पत पुन्हा उभी करता येते. सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे आणून सिबिल सांभाळणे मला कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आता ज्या गोष्टीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तिच्याकडे येते. विनातारण कार्डाला तुम्ही पत्रात 'पुढची पायरी' म्हटले आहे. ते तसे आहे का? आज तुमचे काहीही बिनसले तरी तुमची कर्जाची सीमा ४८,००० आहे आणि तिच्यामागे ६०,००० उभे आहेत. उद्या एक-दीड लाखाची मर्यादा मिळाली, रुपे कार्ड असेल तर यूपीआयला जोडले गेले, आणि कापडवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे एका स्कॅनने उधार मिळू लागले, की त्यामागे काहीही उभे नसेल. शाळेने गणवेशांचे पैसे दोन महिने उशिरा दिले, हे तुमच्या व्यवसायात नवीन नाही. अशा वेळी बिलावर छापलेली 'किमान देय रक्कम' फार दयाळू वाटते. ३०,००० चे बिल आले, तुम्ही ५ टक्के म्हणजे १,५०० भरले आणि २८,५०० मागे ठेवले, असे समजू. वर्षाला ४२ टक्के हा कार्डांवर सर्रास दिसणारा दर आहे, आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते. सरासरी ४५ दिवस धरले तर सुमारे १,४७५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २६५ रुपये, असे १,७४० रुपये होतात. भरलेल्या दीड हजारापेक्षा चढलेली रक्कम मोठी! शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असते.

ठेवीवरच्या कार्डाबाबतही एक गैरसमज मी अनेकदा ऐकते: एखादे बिल चुकले तरी बँक ठेवीतून वळते करून घेईल, मग काळजी कशाची? बँक ठेवीला हात लावण्याआधी बिल थकलेले दिवस अहवालात नोंदले जातात, व्याज आणि दंडही लागतो. ठेव बँकेचे पैसे वाचवते, तुमचा स्कोअर वाचवत नाही. थकबाकी तीन दिवसांहून अधिक झाल्याशिवाय ती थकीत म्हणून कळवता येत नाही असा नियम आहे, पण ते तीन दिवस इंटरनेट बंद पडले किंवा प्रवासात राहिलात तर असू द्या, दर महिन्याच्या नियोजनात धरू नका.

म्हणून विनातारण कार्ड मिळाले की त्याची मर्यादा तुम्हाला झेपेल तेवढीच ठेवा. बँकेने दीड लाख दिले तरी तुम्ही साठ हजार मागू शकता, आणि तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवायला बँकेला मनाई आहे. फोनवरून 'आजीवन मोफत कार्ड' देऊ करणाऱ्याला नाही म्हणायला संकोचू नका. तुम्ही न मागितलेले कार्ड पाठवणे नियमबाह्य आहे. आणि कार्ड आलेच, तर ते सुरू करण्यासाठी येणारा ओटीपी कोणालाही सांगू नका. तीस दिवसांत सुरू न केलेल्या कार्डासाठी बँकेला तुमची ओटीपीने संमती मागावी लागते, आणि ती दिली नाही तर ते खाते कोणताही आकार न घेता बंद करावे लागते.

आणि यंत्राचे काय? माझा तुम्हाला एक प्रश्न आहे. विनातारण कार्ड असल्याशिवाय यंत्रासाठी कर्ज मिळणार नाही, हे तुम्हाला कोणी सांगितले? औद्योगिक शिलाई यंत्र आणि ओव्हरलॉक यांच्यासाठी मुद्रा योजनेतील कर्ज अधिक योग्य ठरेल. २०१५ पासून चालू असलेल्या या योजनेत ५०,००० रुपयांपर्यंत 'शिशू' आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर' असे गट आहेत, त्यांना तारण लागत नाही, आणि त्यांचा व्याजदर कार्डाच्या व्याजाच्या जवळपासही जात नाही. तिथे अधिकारी तुमच्याकडे कोणत्या रंगाचे कार्ड आहे हे विचारणार नाही. तो यंत्राचे कोटेशन, दुकानाचा पुरावा, खात्यातील उलाढाल आणि परतफेडीचा इतिहास पाहील. यांतील शेवटची गोष्ट तुम्ही तयार केलेली आहे आणि उरलेल्या तीन पुढच्या काही महिन्यांत होऊ शकतात. यंत्र कार्डावर घेऊन त्याचे मासिक हप्ते पाडून देण्याचा प्रस्ताव तुम्हाला दुकानातच दिला जाईल. त्या वेळी प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी धरून एकूण रक्कम किती होते ती आधी कागदावर लिहून मागा, मगच ठरवा. विनातारण कार्ड तोवर मिळाले तर चांगलेच, पण ते नसल्यामुळे यंत्राची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही.

ठेवीच्या नूतनीकरणासाठी शाखेत जायच्या आधी तुमचा मोफत अहवाल काढा आणि छापून घ्या. नाव, जन्मतारीख, पॅन बरोबर आहे ना, दुसऱ्या कोणाचे कर्ज तुमच्या नावावर चुकून चढलेले नाही ना, हे पाहा. मग तेच पान वडिलांना दाखवा. किराणा दुकानातील वहीवर महिनाअखेरीला आपल्या नावापुढची बाकी शून्य झालेली पाहिल्याशिवाय ते घरी परतत नसत, असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. त्या चौकोनांतली सोळा महिन्यांची शून्ये त्यांना वाचता येतील, आणि ठेवीचे काय करायचे हे तुम्ही दोघे मिळून त्या पानासमोर बसून ठरवा.